एकेचाळीसचा आकडा

रक्त घ्यायच्या खोलीला सगळे 'खिडकी' म्हणत, कारण तिला एक खिडकी होती आणि बाकी सांगण्यासारखं काही नव्हतं. पाच फूट रुंद, सात फूट लांब. मध्ये टेकायची खुर्ची, तिच्या हाताला रेक्झिनची उशी, डावीकडे लाल, जांभळ्या, पिवळ्या टोपणांच्या नळ्यांचा स्टँड आणि पायाशी वापरलेल्या सुया टाकायचा डबा. या खोलीत ती बावीस वर्षं सकाळी सात ते दुपारी तीन लोकांच्या दंडाला पट्टा बांधत आली.

तिला 'हलका हात' म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते कुणाला आठवत नाही. लोक बाहेरच्या टेबलापाशी येऊन विचारत, "आज हलका हात आहे का?" नसला तर "मग उद्या येतो" म्हणून उपाशीपोटी परत जात. तान्ह्या पोराच्या दोऱ्यासारख्या शिरा, केमोथेरपी घेऊन कडक झालेल्या शिरा, म्हाताऱ्यांच्या कातडीखाली सरकणाऱ्या शिरा, सगळ्या तिला बोटाच्या टोकाने सापडत.

"मूठ बांधा. खिडकीबाहेर बघा."

"बाहेर काय आहे?"

"काही नाही. तरी बघा."

माणूस हसून मान वळवी, तोवर नळी भरलेली असे.

सुई लावण्याआधी प्रश्न असत. काचेवर त्यांची यादीच चिकटवली होती. उपाशी आहात का, गोळ्या कुठल्या चालू आहेत, रक्त पाहून चक्कर येते का, वगैरे. शेवटचा प्रश्न लॅबच्या डॉक्टरांनी हाताने लिहून वाढवला होता: केसांच्या किंवा नखांच्या गोळ्या घेता का? त्यामागे कारण होतं. एका शिक्षिकेचा थायरॉइडचा रिपोर्ट भलताच आला होता आणि ती बाई तर धडधाकट होती. शोध घेतल्यावर निघालं की ती केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत होती. "आपलं मशीन हार्मोन पकडायला जी साखळी वापरतं, तिच्यात हेच बायोटिन कडीसारखं असतं," डॉक्टरांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं. "रक्तात ते जास्त झालं की मशीनची फसगत होते. काही आकडे खोटे वर जातात, काही खोटे खाली." हे तिला सगळ्यांत आधी समजलं. नव्या मुलींना ते तीच समजावून देई. टकले पुरुष या प्रश्नाला हटकून म्हणत, "केस असते तर घेतल्या असत्या की हो ताई!" आणि ती दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसे.

चूक तीन वर्षांपूर्वीची. त्या दिवशी रांग जिन्यापर्यंत गेली होती. नियम असा की आधी रक्त घ्यायचं, मग पेशंटला नाव विचारून त्याच्यासमोर नळीवर चिठ्ठी लावायची. गर्दी वाढली की सगळेच एक चोरवाट काढत: चिठ्ठ्या आधीच लावून नळ्या ओळीने मांडून ठेवत. त्या दिवशी तिनेही तेच केलं. दोघी जावा तपासणीला आल्या होत्या, आडनाव एकच. नंबर थोरलीचा होता, पण तिने धाकटीला पुढे केलं, "तू बस आधी, तुला कामावर जायचंय." माणसांचा क्रम बदलला, नळ्यांचा बदलला नाही.

संध्याकाळी धाकटीला फोन गेला की पोटॅशियम धोक्याच्या वर आहे, ताबडतोब दवाखाना गाठा. तिथे पुन्हा तपासलं तर ती ठणठणीत. तिथल्या डॉक्टरला शंका आली म्हणून थोरलीचा शोध घेतला. ती घराच्या पायरीवर बसलेली सापडली. पायांत त्राण नव्हतं आणि उठता का येत नाही ते तिला कळत नव्हतं. ती वाचली. तक्रार झाली नाही. "होतं हो असं, माणूसच आहे," असं धाकटीने फोनवर म्हटलंही. लॅबच्या डॉक्टरांनी वहीत नोंद केली, दोन वाक्यं सुनावली आणि विषय मिटला.

चौथ्या दिवशी चिठ्ठी लावताना तिच्या छातीत अचानक धडधडू लागलं. तळहात हातमोज्यांत ओले झाले. तोंडाला कोरड पडली आणि आपण आत्ता इथेच मरणार, याची तिला खात्री वाटली. मरण आलं नाही. दहा मिनिटांनी सगळं ओसरलं. समोर बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, "झालं का?" ते रक्ताबद्दल विचारत होते.

मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो. धोका हेरणं हे त्याचं काम, आणि तो विचार करत बसत नाही. त्याने इशारा दिला की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी क्षणार्धात ॲड्रेनॅलिन सोडतात. काळीज धावतं, श्वास तुटका होतो, रक्त पोट सोडून पायांकडे वळतं. त्यामागून काही मिनिटांनी कॉर्टिसॉल येतं. लढाई लांबलीच तर शरीराला रसद पुरवायला ते लागतं. साप दिसला तर ही सगळी व्यवस्था फार कामाची. तिच्यासमोर दोन इंचांची पांढरी चिठ्ठी होती. शिवाय ही रसायनं अंगात असताना जे घडतं ते मेंदू पक्क्या शाईने लिहून ठेवतो. त्यामुळे परवा काय खाल्लं ते माणूस विसरतो, पण भीती कुठल्या खुर्चीत बसून वाटली ते विसरत नाही. तिला तर रोज त्याच खोलीत जायचं होतं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ती फुंकतच राहिली. चिठ्ठीवरचं नाव आधी एकदा वाचायची, मग दोनदा, मग तीनदा. तीनदा वाचून नळी स्टँडमध्ये ठेवली की हात सुटताच वाटे, नीट वाचलं नाही. पुन्हा काढायची. पुन्हा वाचलं की दोन मिनिटं बरं वाटे, आणि त्या दोन मिनिटांच्या आशेने पुढच्या नळीला चारदा वाचावं लागे. पूर्वी एका माणसाला साडेतीन मिनिटं लागत, आता नऊ लागू लागली. हात मात्र तसाच हलका होता. सुई टोचताना तो कधीच कापला नाही.

घरी चार माणसं: ती, नवरा, सासूबाई आणि सोळा वर्षांची मुलगी. नवरा छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर. एकदा त्याच्या अंगठ्याचं टोक पात्याखाली गेलं होतं, तेव्हा बँडेज बांधून तो तिसऱ्या दिवशी कामावर हजर होता. माणूस वाईट नाही. "दुखतंय कुठे ते दाखव," तो म्हणे. "जागा दाखव, आपण डॉक्टरकडे जाऊ." तिला जागा दाखवता येत नसे.

सासूबाईंचं निदान तयार होतं. "मन चिंती ते वैरी न चिंती. रिकामं डोकं, दुसरं काय."

"आई, ती आठ तास राबते. डोकं रिकामं कसं असेल?"

"मग भरलेलं असेल. दोन्ही वाईटच."

रात्रीची झोप तुटक झाली, वजन उतरलं, केस गळू लागले. "आई, मोरीच्या जाळीत मांजर मेल्यासारखं वाटतं गं," मुलगी म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी तिनेच कोपऱ्यावरच्या दुकानातून गुलाबी गोळ्यांची बाटली आणून दिली. दिवसाला दोन. बाटली पर्समध्ये कंगव्याशेजारी राहिली. औषध म्हणजे डॉक्टर लिहून देतात ते, ही तर शाम्पूच्या फळीवरची वस्तू. सकाळी उठल्या उठल्या एक आणि दुपारी एक अशी ती घेऊ लागली.

यंदाच्या वर्षी लॅबमध्ये माणसं कमी झाली आणि वरून हिशेब आला: खिडकीवर दिवसाला साठ पेशंट झाले पाहिजेत. तिचे अडतीस होत. कामं वाटून देणाऱ्या मॅडमनी तिला टेबलापाशी बोलावलं. या मॅडम तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. बोलायला सरळ.

"ताई, लोक बाहेर चक्कर येऊन पडतायत उपाशीपोटी. मी काय करू?"

"मला थोडा त्रास होतोय."

"कसला?"

"छातीत धडधडतं. भीती वाटते."

"भीती मला पण वाटते. वरच्या साहेबांची." मॅडम हसल्या, मग हसू आवरलं. "हे बघा, आजार असेल तर कागद आणा. कागद असला तर मला दिवसाला चाळीसच पेशंट देता येतील, सहा महिने. तसा नियम आहे. नसेल तर पहिल्या तारखेपासून तुम्ही आतल्या खोलीत, पाकिटांवर. तिथे कुणाची घाई नसते."

आतली खोली म्हणजे रिपोर्ट घडी घालून पाकिटात भरायची जागा. निवृत्तीला आलेल्यांना आणि पाय मोडलेल्यांना तिथे बसवत. तिथे सुई नव्हती. बावीस वर्षांत तिला स्वतःचं म्हणता येईल असं जे काही जमलं होतं, ते सुईच्या टोकाशी होतं.

तिने दोन दिवस विचार केला आणि कॉर्टिसॉल तपासायचं ठरवलं. ताणाचं हार्मोन. रोज तिच्या हातून त्याच्या दोन-तीन नळ्या जात. ते सकाळी आठच्या सुमारास सगळ्यांत जास्त असतं, दिवसभर उतरत जातं, मध्यरात्री तळाला पोचतं. म्हणून रक्त सकाळीच घ्यायचं, हेही तिला पाठ होतं. अंगात इतकं काही होत असेल तर कुठेतरी आकड्यात दिसलंच पाहिजे, असा तिचा हिशेब. जागा दाखवता येत नसेल तर निदान आकडा दाखवू.

लॅबमधल्या माणसांचं रक्त सहकारी घेतात, पण दुसऱ्याने लावलेल्या चिठ्ठीवर तिचा विश्वास राहिला नव्हता. सकाळी पावणेआठला, खिडकी उघडायच्या आधी, तिने पट्ट्याचं एक टोक दातात धरून स्वतःचा डावा दंड आवळला आणि उजव्या हाताने स्वतःचं रक्त घेतलं. नळी भरल्यावर चिठ्ठी लावली. नाव तीनदा वाचलं. वेळ लिहिली. सगळं नियमाने झालं. फक्त खुर्चीत बसणारी आणि सुई टोचणारी एकच असल्यामुळे काचेवरचे प्रश्न कुणी कुणाला विचारले नाहीत.

दुपारी लॅबमधल्या मशीनवाल्याने तिला हाक मारली. "हलका हात, तुझ्या नावाची कुणी दुसरी बाई आहे का?"

"का?"

"एकेचाळीस आलंय. तेवीसच्या आत पाहिजे. दोनदा लावलं."

तिने कागद पाहिला आणि भिंतीला टेकली. मशीनवाल्याला वाटलं ती घाबरली. ती सुटली होती.

डॉक्टरांनी कागद वाचला. सही केली, पण खाली लिहिलं: पंधरा दिवसांनी पुन्हा तपासावे. "एका आकड्यावर मी काही ठरवत नाही," ते म्हणाले. "तोच आला तर चोवीस तासांची लघवी, मग ग्रंथींचा स्कॅन. घाबरू नको." मॅडमनी कागदाची प्रत घेतली. त्यांना पुन्हा तपासायच्या ओळीशी देणंघेणं नव्हतं. "बघा, मी म्हटलं नव्हतं, कागद आणा?" त्याच दिवसापासून तिच्या नावापुढे चाळीस हा आकडा लागला.

घरी नवऱ्याने कागद दिव्याखाली धरला. "तेवीसच्या जागी एकेचाळीस! म्हणजे जवळजवळ दुप्पट. आणि मी वेडा तुला म्हणत होतो..." वाक्य पुरं न करता तो उठला आणि कागद प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवला. त्या फाइलमध्ये मुलीचा जन्मदाखला आणि घराची कागदपत्रं होती.

सासूबाईंनी विचारलं, "हे कुठे असतं?"

"मूत्रपिंडावर एक ग्रंथी असते."

"ग्रंथी!" सासूबाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "सूनबाई, तू पड जरा. भांडी मी घासते." एकोणीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्या पहिल्यांदा बोलल्या. दुसऱ्या दिवशी त्या शेजारणीला फोनवर सांगत होत्या, "अहो, ग्रंथीचं आहे तिचं. आम्ही आपलं उगाच तिच्या मनाला दोष देत होतो. मशीन खोटं बोलेल का?"

त्यानंतरच्या नऊ दिवसांत एक गोष्ट घडली, जिचं स्पष्टीकरण कुठल्याच नळीत सापडलं नसतं. ती बरी होऊ लागली. सहा-सहा तास झोपली. धडधड आली की ती मनात म्हणे, हे एकेचाळीस आहे, आणि धडधड निवळे. चिठ्ठी दोनदा वाचून पुरू लागली. सातव्या दिवशी चाळीसचा कोटा दीड वाजताच संपला आणि तिने आपणहून आणखी सहा माणसं घेतली. मुलीने तिला मोरीत गुणगुणताना ऐकलं आणि बाहेर येऊन बापाला खुणेने दाखवलं.

दहाव्या दिवशी खुर्चीत एक कॉलेजची मुलगी बसली. भांग रुंद झालेला. थायरॉइडची तपासणी होती. हलक्या हाताने सवयीने विचारलं, "केसांच्या नाहीतर नखांच्या गोळ्या घेतेस का गं?"

"हो. त्या गुलाबी येतात ना, त्या. सगळ्याच घेतात."

"मग आज रक्त नको. तीन-चार दिवस बंद कर आणि ये. नाहीतर आकडा खोटा..."

पुढचा शब्द तिच्या तोंडातच राहिला. मुलगी म्हणाली, "खोटा काय?"

"खोटा येतो," ती म्हणाली.

मुलगी गेल्यावर तिने पर्स उघडली. बाटलीच्या मागच्या बारीक अक्षरांत पहिलीच ओळ बायोटिनची होती. कॉर्टिसॉल हे कुठल्या बाजूला फसतं, ते तिने स्वतः नव्या मुलींना शिकवलं होतं: वर. काखेत कळसा असतो ती बाई निदान तो शोधत तरी असते. तिने तर दोन वर्षं रोज तीस-चाळीस माणसांना विचारलं आणि बाटली कंगव्याशेजारी ठेवून दिली.

त्या दिवशी तिने पुढचे पेशंट घेतले, नेहमीसारखं "बाहेर बघा" म्हटलं. मनात मात्र हिशेब चालू होता आणि तो अगदी सोपा होता. दुसऱ्या तपासणीला पाच दिवस होते. गोळ्या चालू ठेवल्या तर आकडा पुन्हा वर येणार. आजार कागदावर टिकेल, खिडकी टिकेल, भांडी सासूबाई घासतील. नंतरची लघवीची तपासणी दुसऱ्या पद्धतीने होते, तिच्यात पकडलं जाईल, पण त्याला अजून महिना. एखादा महिना म्हणजे काही कमी नाही. गोळ्यांची गोष्ट जगात फक्त तिला माहीत होती.

दुपारची गोळी तिने हातात घेतली. नळ उघडा होता, पेला भरून वाहत होता. चुकीचा रिपोर्ट आपल्या हातून बाहेर गेला आहे आणि आपल्याला ते माहीत आहे, हे कळल्यावर काय करायचं, ते मेंदूतल्या त्या बदामाने तिच्यासाठी तीन वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं. पायरीवर बसलेली ती थोरली जाऊ तिने कधी पाहिली नव्हती, फक्त ऐकली होती. ती आता समोर दिसली. गोळी तिने सिंकमध्ये टाकली. प्रामाणिकपणा वगैरे शब्द तिला सुचले नाहीत. फक्त गिळणं जमलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी ती स्वतःच्याच खिडकीच्या खुर्चीत बसली आणि नव्या मुलीकडून रक्त घेऊन घेतलं. मुलीने यादी वाचली, शेवटच्या प्रश्नाशी आली. "केसांच्या गोळ्या?"

"होत्या. पाच दिवस बंद आहेत. लिही."

मुलीचा हात जड होता. दंडावर निळा डाग पडला.

आकडा आला चौदा. अगदी मधोमध, पुस्तकात छापावा असा.

डॉक्टरांच्या खोलीत तिने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बाटली त्यांच्यावर. डॉक्टरांनी बाटली फिरवून पाहिली. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान," ते म्हणाले आणि पुढचं बोलले नाहीत, कारण तिचा चेहरा दिसला.

"म्हणजे मला काही नाही?"

"असं मी म्हटलं नाही."

"चौदा आहे."

"भीतीच्या बहुतेक रोग्यांचं सकाळचं कॉर्टिसॉल चौदाच्याच आसपास असतं. एका नळीत एका क्षणाचं रक्त येतं. तुला झटका दहा वाजता येतो, त्याचं आठच्या नळीला काय माहीत? आणि खरी भानगड रक्तात नाहीच. मेंदूत एक रसायन लगाम खेचतं, एक टाच मारतं, एक त्या दोघांचा सूर राखतं. गाबा, नॉरॲड्रेनॅलिन, सेरोटोनिन, शिवाय आणखी कितीतरी. ही दोन पेशींमधल्या फटीत काम करतात. तिथे तुझी सुई जात नाही, आणि माझं मशीनही नाही. कुणाचं काय कमी, काय जास्त, ते आकड्यात सांगणारी तपासणी कुठल्याच लॅबमध्ये नाही."

"पण ते खरं असतं?"

"एकेचाळीसपेक्षा खरं."

"मग कागदावर काय लिहाल?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कॉर्टिसॉल, चौदा. नॉर्मल. मी दुसरं काय लिहिणार? मनोविकाराच्या डॉक्टरांकडे जा. ते ऐकून घेऊन निदान करतात. औषधं आहेत, चांगली आहेत. उपयोग व्हायला चार-सहा आठवडे लागतात. कागदही तेच देतील."

"तो कागद मॅडमना दाखवला तर त्या मला सुई हातात धरू देतील?"

डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर काही नव्हतं.

घरी आधी नवऱ्याला सांगितलं. तो खरंच आनंदला. "बरं झालं! स्कॅन नको, काही नको. मी तर धसका घेतला होता गं." त्याने फाइल काढली, एकेचाळीसचा कागद काढून नीट चार तुकडे केले आणि टाकून दिला. कागद सरळ रेषेत फाडायचा हात त्याला होता. "आता काही टेन्शन घ्यायचं नाही. काही नाहीये तुला. कागदावर आलंय."

सासूबाईंनी सगळं दोनदा ऐकलं. "म्हणजे ग्रंथी नाही?"

"ग्रंथी चांगली आहे."

"मग एवढे दिवस मी भांडी कशाला घासत होते?" हे त्यांनी रागाने विचारलं नाही, त्यांना खरंच कळत नव्हतं. मग त्या स्वतःशीच म्हणाल्या, "तरी मी म्हणत होते." मुलीने तेवढं विचारलं, "आई, मी आणलेल्या गोळ्यांमुळे?" ती म्हणाली, "नाही गं. मी विचारलं नाही म्हणून." त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तिला झटका आला, तीन वर्षांतला सगळ्यांत मोठा. मनात म्हणायला आता एकेचाळीस नव्हतं. नवरा पाठीवर हात फिरवत राहिला आणि सांगत राहिला, "अगं, चौदा आहे. चौदा आहे ना तुझं."

मनोविकाराच्या डॉक्टरांचा फोन नंबर तिने लिहून घेतला आहे. तो पर्समध्ये बाटलीच्या जागी आहे. तिने अजून फोन केलेला नाही. फोन केला की काय होईल, याची एक यादी तिच्या डोक्यात आहे, आणि ती रोज वाढते.

मॅडमनी आवाज चढवला नाही. "ताई, मला वाईट वाटतंय, खरंच. पण आता तर तुमच्याच कागदावर नॉर्मल आलंय." पहिली तारीख तीन दिवसांवर होती, तेवढीही वाट पाहिली नाही. खिडकीवर नवी मुलगी बसली. पहिल्याच सकाळी दोघं जण टेबलापाशी विचारून गेले, "आज हलका हात आहे का?" त्यांना सांगितलं गेलं, आहे, पण आत आहे. ते "मग उद्या येतो" म्हणाले.

आतल्या खोलीला खिडकी नाही. लांब टेबल, डाव्या हाताला छापून आलेले रिपोर्ट, उजव्या हाताला नावं लिहिलेली पाकिटं. काम असं: रिपोर्टवरचं नाव वाचायचं, पाकिटावरचं वाचायचं, जुळलं की घडी घालून आत सरकवायचं, चिकटवायचं. एका दिवसाला तीनशे पाकिटं होतात. पहिल्या दिवशी तिची एकशे वीस झाली. चिकटवलेलं पाकीट उघडायचं तर फाडावं लागतं, नवं घ्यावं लागतं, त्यावर पुन्हा नाव लिहावं लागतं. त्या दिवशी तिने सव्वीस फाडली. त्यांतल्या एकाही पाकिटात दुसऱ्याचा रिपोर्ट नव्हता.

शेवटून दुसरा रिपोर्ट तिचा स्वतःचा होता. बाहेर गेलेला चुकीचा रिपोर्ट लॅब परत बोलावते आणि दुरुस्त केलेला पाठवते, तो कुणाचा आहे हे बघत नाही. वर ठळक अक्षरांत छापलं होतं: या रुग्णाचा आधीचा अहवाल रद्द समजावा. खाली चौदा.

तिने कागदावरचं नाव वाचलं. पाकिटावरचं नाव वाचलं. दोन्ही तिचंच होतं. घडी घातली, आत सरकवला, चिकटवला, ढिगावर ठेवला. हात सुटताच तळहात ओले झाले. तिने पाकीट परत घेतलं, फाडलं आणि नाव पहिल्या अक्षरापासून पुन्हा वाचायला घेतलं.